'व्याळी' : शब्दार्थ आणि मर्यादा

॥ श्रीचक्रधर ॥

लीळाचरित्राचे पठण करिताना 'व्याळी' हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. साधकाने त्याचा अर्थ नीट जाणावा. कारण शब्दार्थ चुकला की लीळेची वेळ चुकते, आणि वेळ चुकली की प्रसंगांचा क्रम विसकटतो.

'व्याळी' म्हणजे सायंकाळचे वा रात्रीचे भोजन. संस्कृतात 'विकाल' म्हणजे दिवस कलण्याचा समय. प्राकृतात त्याचे 'विआल' झाले आणि त्याच कुळातून 'व्याळी' आली. हिंदीतील 'ब्यालू' व गुजरातीतील 'वाळू' ही तिची भावंडे होत. सर्पवाचक 'व्याळ' शब्दाशी तिचा संबंध नाही. 'वेळ' हाही निराळा शब्द. त्याचे मूळ 'वेला'.

प्राणहितेकाठच्या अहेरी भागात मराठी, तेलुगू व गोंडी या भाषा एकत्र नांदतात. तेलुगूतही 'वेळ' म्हणजे समयच. म्हणून तेथील नवख्या वाचकाने 'व्याळी' आणि 'वेळ' यांची गल्लत होऊ देऊ नये. उलट 'आरोगणा' हा शब्द त्याला सहज उमगेल. तेलुगूत देवाच्या वा थोरांच्या भोजनास 'आरगिंचु' हे आदरार्थी क्रियापद आहे. कन्नड 'आरोगणे' व गुजराती 'आरोगवुं' हेही त्याच अर्थाचे.

तात्पर्य, 'व्याळी' भोजनाची वेळ सांगते, 'आरोगणा' भोजन करणाऱ्याची थोरवी सांगते. श्रीचक्रधरस्वामींची ती आरोगणा. भक्तजनांचे ते जेवण. हा भेद ध्यानी ठेवून वासनिकाने आपल्या जेवणास आरोगणा म्हणू नये.

येथे एक शंका संभवते. बौद्ध भिक्षूंना माध्यान्हानंतरचे 'विकालभोजन' वर्ज्य आहे. मग लीळेत व्याळी आहे, म्हणून आपल्या मार्गातील भिक्षुकास रात्रीचे भोजन विहित ठरते काय? तसे नाही. पाली 'विकाल' व मराठी 'व्याळी' यांचे मूळ एक असले तरी पहिल्यात निषेध आहे, दुसरीत केवळ वृत्तांत. म्हाइंभटांनी लीळाचरित्रात घडले ते सांगितले. करणे काय, ते स्वामींच्या वचनांत आहे, आणि ती वचने निवडून केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. परमेश्वराची लीळा स्मरणासाठी, आज्ञा आचरणासाठी. भिक्षुकाने आपल्या भोजनाचा निर्णय भिक्षेच्या निरूपणातून घ्यावा. 'व्याळी' या एका शब्दावरून विधी काढू नये, निषेधही काढू नये.

शब्द लहान असला तरी त्याची मर्यादा सांभाळणे हाही स्मरणाचाच भाग होय.

दंडवत प्रणाम.