फरशी बसवायची राहून गेली

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपसमोर दोन फूट रुंदीची गटार आहे. तिच्यावर आरसीसीच्या चार फरश्या होत्या. २०२२ च्या जूनमध्ये नवीन व्हीएमसी मशीन आलं, उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांची क्रेन, बोलावला, आणि हायड्राच्या चाकाखाली त्यातली एक फरशी मोडली. पोरांनी तुकडे बाजूला केले, त्या जागी एक फळी टाकली. मी म्हणालो, "आठ दिवसांत नवी ओतून घेऊ." मग मशीनचं लेव्हलिंग, पहिले जॉब, पार्टीचे फोन. फरशी राहून गेली.

पाच आठवड्यांनी, जुलैच्या पावसात, रस्त्यावरचं आणि गटारीचं पाणी एक झालं. फळी कधी वाहून गेली कुणी पाहिलं नाही. सकाळी साडेदहाला आप्पा, म्हणजे माझे वडील, नेहमीसारखे छत्री घेऊन मजगावातल्या घरातून चालत आले. १९७५ साली एका जुन्या लेथवर त्यांनी हे वर्कशॉप सुरू केलं होतं. सत्तेचाळीस वर्षं जिथं पाऊल टाकत आले, तिथंच त्यांनी त्या दिवशीही टाकलं.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय ८०.

दार माझं होतं, फरशी माझ्या मशीनपायी मोडली होती आणि आठ दिवसांचा शब्दही माझाच होता. ही चूक मी कुणापासून लपवलेली नाही. पण त्याहून मोठी चूक मी नंतर केली. ती करताना सगळ्यांनी मला शाबासकी दिली, म्हणून ती चूक आहे हे कळायला अकरा महिने लागले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी वॉकर देऊन उभं केलं आणि मला बजावलं, "यांना चालतं ठेवा." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र मनात भीती बसली. पुन्हा पडले तर? मी आप्पांना सांगितलं, "आता वर्कशॉपला यायचं नाही. आयुष्यभर राबलात, आता आराम करा." पुढच्या खोलीत पलंग लावला, समोर टीव्ही, उशाशी बेल, कोपऱ्यात कमोडची खुर्ची. पाहुणे यायचे, म्हणायचे, नशीबवान आहेत, मुलगा काय सेवा करतो. मलाही तसंच वाटायचं.

आप्पांनी कधी तक्रार केली नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. दिवाळीपर्यंत पलंगावरून उठताना दोन माणसं लागायला लागली. हाड तोवर जुळलं होतं. गेली होती ती पायांतली ताकद. धडधाकट ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर ठेवून अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं. मी आप्पांना दहा दिवस नव्हे, महिनोन्‌महिने झोपवून ठेवलं.

डिसेंबरमध्ये त्यांना बरं वाटावं म्हणून मी एक टर्निंग केलेली शाफ्ट घरी नेली. वर्कशॉपमध्ये आप्पांचा अंगठा म्हणजे आमचं शेवटचं इन्स्पेक्शन असे. जॉब हातात घेऊन ते पृष्ठभागावरून अंगठा सावकाश फिरवायचे आणि सांगायचे, "टूल बदल," किंवा "बेअरिंगकडं बघ." पोरं व्हर्निअर बाजूला ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. त्या दिवशी मी शाफ्ट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगठा टेकवला, पण फिरवला नाही. "छान आहे," म्हणाले आणि परत दिली. छान आहे, असं आप्पांनी उभ्या जन्मात कुठल्याही जॉबला म्हटलेलं नव्हतं.

डोळे उघडले ते आत्तीमुळं. आप्पांची धाकटी बहीण निपाणीत असते. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं, आता पंच्याहत्तरी पार आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, राज्यातल्या बायकांना साध्या बसमध्ये तिकीट माफ झालं. त्याच महिन्यात आत्ती आधार कार्ड दाखवून एकटी निपाणीहून बेळगावला आली. भाऊ पडल्यापासून पहिल्यांदाच. भाड्याचे पैसे मुलाकडं मागायला नकोत, एवढ्या एका गोष्टीनं ती घराबाहेर पडली होती. माफ भाडं म्हणजे निवडणुकीची खैरात असं मी तोवर समजत होतो. आत्तीला दारात बघितल्यावर माझं मत बदललं.

ती आप्पांजवळ तासभर बसली, मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "काय रं, ह्याला असा का बसवून ठेवलाईस?"

"आत्ती, पुन्हा पडले तर काय करायचं?"

"पडंल की. हाड मोडलं हुतं ते डॉक्टरनं जोडलं. तू त्याचा उंबराच मोडलास, त्यो कोण जोडणार?"

मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही, टेप आणि घड्याळ घेऊन घर ते वर्कशॉप चाललो, आप्पांच्या चालीनं, हातात त्यांचीच काठी घेऊन. तुमच्या घरात कुणी वयस्कर असेल तर सगळ्यात आधी हेच करा, असं मी आता सांगतो. मोटारसायकलवरून तीस वर्षं ये-जा केलेला रस्ता मला ठाऊकच नव्हता. वीस मिनिटांच्या त्या वाटेत मोडक्या किंवा हलणाऱ्या सात फरश्या होत्या. दोन ठिकाणी पादचाऱ्याच्या वाटेवर लोखंडी बुऱ्याचे ढीग होते, त्यातला एक माझ्या ओळखीच्याच युनिटचा. टेकायला एकही जागा नव्हती. रस्ता ओलांडायला मला ११ सेकंद लागायचे, त्यांच्या चालीनं २६ लागले. ज्येष्ठांच्या चालीचा अभ्यास इंग्लंडमध्ये झालेला आहे. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ तिथं तेव्हा सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरून ठरवत, आणि पासष्टीपुढचे पुरुष सरासरी ०.९ मीटर, बायका ०.८ मीटर चालतात. म्हणजे रस्त्याचा हिशेबच त्यांना वगळून मांडलेला असतो. मग आपण घरात म्हणतो, तुमच्यानं आता होत नाही.

पाण्याची गोष्ट मला आप्पांनीच सांगितली, तीही फार उशिरा. पडायच्या आधी वर्षभर ते सकाळी घरातून निघताना पाणी पीत नव्हते. वाटेत लघवीला जायची सोय नव्हती आणि वर्कशॉपमधला संडास भारतीय पद्धतीचा, दोन पायऱ्या वर. त्यांना बसून उठता येत नव्हतं, पोरांसमोर सांगायला संकोच वाटत होता. अंगात पाणी कमी असलं की म्हाताऱ्या माणसाला उठता-चालता भोवळ येते. त्या सकाळी फक्त फळीनं दगा दिला की भोवळही आली होती, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या घरातले आई-वडील बाहेर जायचं टाळू लागले तर पायांच्या आधी हे विचारा. आणि चारचौघांत विचारू नका.

दुसरी एक गोष्ट आमच्या सीमाभागाची आहे. आप्पांचा जन्म १९४२ चा. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं, आप्पा मराठी शाळेत शिकले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं तेव्हा त्यांची शाळा संपलेली होती. कन्नड ते झकास बोलतात, निम्मे कामगार आणि गिऱ्हाइकं कन्नडच होती, पण वाचता येत नाही. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून कधी अडलं नव्हतं, शेजारच्याला विचारायचं आणि चढायचं. कान कमी झाले तेव्हा अडलं. विचारलेलं ऐकू येईना आणि लिहिलेलं वाचता येईना, म्हणून एक दिवस त्यांनी बस सोडली ती सोडलीच. औषधाच्या चिठ्ठीचं तेच. सीमेपलीकडं कोल्हापूर-सोलापुरात राहणाऱ्या कन्नड म्हाताऱ्यांचीही हीच अडचण असणार. आमच्याकडं भाषेचं नाव निघालं की आवाज चढतात. मला एवढंच म्हणायचं आहे की ऐंशीच्या माणसाला नवी लिपी शिकवता येत नाही, आणि औषध चुकलं तर ते कुठल्या भाषेत चुकलं याला अर्थ नसतो. मी आता दर गोळीच्या पाकिटावर मार्करनं मोठ्या मराठी अक्षरांत 'सकाळी', 'जेवणानंतर' असं लिहितो. आप्पांच्या खिशात एक कार्ड असतं: नाव, पत्ता, माझा फोन, रक्तगट, चालू औषधं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबरही त्यावर आहे. तुमच्याकडच्या कार्डावर असायलाच हवा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांची एक मार्गदर्शिका काढली. जगातल्या ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती तयार केली, त्यात आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर ही दोन शहरं होती. रस्ते-इमारती, वाहतूक, घर, लोकांत मिसळणं, मान, काम, माहिती आणि आरोग्यसेवा असे आठ विषय त्यात आहेत. मी ती उशिरा वाचली. वाचताना 'काम' आणि 'मान' या दोन शब्दांपाशी थांबलो. मी आप्पांना रस्त्यापासून वाचवायला गेलो आणि या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. सगळे फक्त विचारायचे, "जेवलात का?"

उद्यमबागेत मशीनचे सुटे भाग होतात, कास्टिंग होतं, हायड्रॉलिक प्रेस उभे राहतात. इथं एक कठडा व्हायला काय अडचण होती? जुलैत मी पहिली फरशी ओतली. मग वर्कशॉपच्या उंबऱ्याला रॅम्प केला. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे सहा इंच चढायला सहा फूट लांबी. बहुतेक जण दोन फुटांत उरकतात, आणि तो रॅम्प माणसाला चढवण्याऐवजी पाडतो. आम्हीही आधी चेकर्ड प्लेट टाकली होती. बुटाला लागलेल्या तेलानं ती पावसात निसरडी झाली, म्हणून काढून खरखरीत काँक्रीट केलं आणि वर आडव्या रेघा ओढल्या. कठड्याला दीड इंची पाइप वापरला, त्याहून जाड पाइप म्हाताऱ्या मुठीत मावत नाही. टोकं भिंतीकडं वळवली, नाहीतर सदऱ्याची बाही अडकते. एक बाकडं केलं, १८ इंच उंच, दोन्ही बाजूंना हात असलेलं. हात नसलेल्या बाकावर वयस्कर माणूस बसतो, पण उठायला दुसरा लागतो, म्हणून पुढच्या वेळी बसतच नाही. आत कमोड बसवला, शेजारी धरायला दांडी. एवढ्या सगळ्याला मोडीतलं चॅनल, उरलेला पाइप आणि चार रविवार लागले.

शेजारची युनिटं लगेच तयार झाली असं नाही. एक जण म्हणाला, बाकडं ठेवलं की टेम्पो लागणार नाही. दुसऱ्यानं विचारलं, उद्यमबागेत म्हातारी माणसं येतात तरी कुठं? मी म्हणालो, येत नाहीत ती कशामुळं ते बघायला माझ्याबरोबर एकदा चाल. तो आला, आईची काठी घेऊन. तिसऱ्या मोडक्या फरशीपाशी तो गप्प झाला. बुऱ्याचा ढीग त्याचाच होता, तो त्यानं त्याच संध्याकाळी उचलला. अर्ज, निवेदनं, नगरसेवकांच्या भेटी हेही चालू ठेवावं, आम्हीही ठेवलं आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत आपल्या दारातली दहा फूट जागा मात्र आपल्या हातात असते.

आप्पा त्या वर्षी गणपतीनंतर वर्कशॉपला आले. रिक्षानं, वॉकर घेऊन. आता आठवड्यातून तीन दिवस येतात, दोन तास बसतात. ते पूर्वीसारखे झालेले नाहीत आणि होणारही नाहीत. अकरा महिन्यांत जे गेलं त्यातलं निम्मंच परत मिळालं. चाल तुटकी आहे, उजवा हात थरथरतो. पहिल्या दिवशी एका पोरानं बिचकत जॉब पुढं केला. आप्पांनी अंगठा टेकवला, थरथरत का होईना फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाले, "चॅटर आहे. टूल किती बाहेर काढलंयस?" पोरगं मशीनकडं पळालं. मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

बाकड्यावर आता इतर लोकही बसतात. मजगावातल्या एक आजी मुलाला डबा द्यायला येतात, जाताना तिथं टेकतात. आप्पा त्यांना भाव सांगतात, कसला ते मला ऐकू येत नाही, पण दोघंही बराच वेळ बोलत असतात.

पुढच्या सोमवारी आमच्याकडं दुसरं मशीन येणार आहे. हायड्रा पुन्हा त्याच गटारीवरून जाणार. या वेळी दोन जादा फरश्या महिन्याभरापूर्वीच ओतून ठेवल्यात, सळई वाढवून. अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं काम आप्पांनी मागून घेतलं होतं. ते नसतात त्या दिवशी पोरगं मारायचं आणि त्यांना फोन करून सांगायचं. काल अठ्ठाविसावा दिवस होता. आप्पांनी काठीनं दोन्ही फरश्या ठोकून बघितल्या आणि म्हणाले, एक अजून ओली वाटतेय, दोन दिवस थांब.