प्रतिवादी

दादा माझा चुलतभाऊ. मी कोर्टात गेलो आणि तो कागदावर 'प्रतिवादी' झाला.

भानगड जुनी होती. 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि आमचे उतारे उलटसुलट लागले. दादाच्या वहिवाटीतला गट माझ्या वडिलांच्या नावावर, आमचा त्याच्या. दोन पिढ्या कुणी सातबारा नीट वाचला नाही. ज्याची नांगरट त्याचं शेत. मग दादाच्या बाजूने डांबरी रस्ता आला, भाव चढले आणि मला उताऱ्यावरचं नाव दिसायला लागलं.

मी दादाशी बोललो नाही. थेट मोजणीचा अर्ज केला. नोटीस त्याच्या हातात पडली तेव्हा तो बैलांना वैरण टाकत होता म्हणे. मग दावा, आणि पुढे नऊ वर्षं तारखा.

शेत होतं तिथेच राहिलं, गाव मात्र फुटलं. दरवर्षी पोळ्याला आमची जोडी आधी दादाच्या दारात जायची, वहिनी ओवाळून पुरणपोळी भरवायची. ते बंद झालं. सप्ताहाची वर्गणी दोन ठिकाणी गोळा व्हायला लागली. पंचनाम्याला पंच मिळेना, कारण सही करणाऱ्याला एका घराचा उंबरा सुटणार होता. काकू गेली तेव्हा मी स्मशानात लांब कडेला उभा होतो. लाकूड उचलायला कुणी हाक मारली नाही.

म्हणून सांगतो. सातबारा, आठ-अ आणि गाव नकाशा दरवर्षी प्रत्यक्ष वहिवाटीशी ताडून पाहा. मोजणी करायची तर नोटीस पोचायच्या आधी स्वतः जाऊन सांगा. तोंडी वाटपावर मुलांना सोडून जाऊ नका. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. बहिणींना फक्त हक्कसोडीच्या सहीपुरतं बोलावू नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत त्या बरोबरीच्या वारस आहेत.

आणि आमच्यासारखी अदलाबदल असेल तर सलोखा योजना अजून चालू आहे का, याची तलाठ्याकडे चौकशी करा. ती 2023 साली आली. किमान बारा वर्षांचा परस्परांकडे ताबा आणि दोघांची संमती असली, की अदलाबदल दस्ताला 1000 रुपये मुद्रांक आणि 100 रुपये नोंदणी फी ठरली. माझ्या वकिलाची एका तारखेची फी याहून जास्त होती.

शेवटी मीच दादाच्या ओट्यावर गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग आतून तांब्या आणून पुढे ठेवला. दावा काढून घेतला, दस्त एका दिवसात नोंदला.

पुतण्या मला पूर्वी आप्पा म्हणायचा. हल्ली बांधावर भेटला की 'ओ' म्हणतो.