ध्वनिमुद्रिकेवरचे नाव

मुलांनो, तुमची शाळा उर्दू माध्यमाची आहे आणि तुम्ही मराठीही शिकता. अशाच दोन भाषांत वाढलेल्या एका गायिकेची आज आपण ओळख करून घेऊ. तिचे नाव ग्लोरिया एस्तेफान.

ग्लोरियाचा जन्म १९५७ साली क्यूबा देशातील हवाना शहरात झाला. तेथे क्रांती झाल्यावर तिचे कुटुंब अमेरिकेतील मायामी शहरात आले. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी! पुढे वडील व्हिएतनामच्या युद्धाहून परतले आणि दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले. आई नोकरी करी. वडिलांची शुश्रूषा ग्लोरियावर आली. मन भरून आले, की ती खोलीत बसून गिटारवर गात असे.

१९७५ साली ती एमिलियो एस्तेफान या तरुणाच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. वाद्यवृंदाचे नाव होते 'मायामी लॅटिन बॉइज', म्हणजे मायामीचे लॅटिन मुलगे. मुलगी गाऊ लागल्यावर हे नाव कसे चालेल? ते बदलून 'मायामी साउंड मशीन' झाले. गाणे सांभाळून ग्लोरियाने पदवीही मिळवली. १९७८ साली तिचा एमिलियोशी विवाह झाला.

सुरुवातीला हा वाद्यवृंद मुख्यतः स्पॅनिश गाणी सादर करी. १९८५ साली 'कोंगा' हे इंग्रजी गाणे गाजले. ते रचले होते वाद्यवृंदातील तालवादक एन्रिके गार्सिया याने.

आता ध्वनिमुद्रिकांवरील नावे पाहा. १९८५ साली त्यांवर फक्त वाद्यवृंदाचे नाव होते. १९८७ साली 'ग्लोरिया एस्तेफान आणि मायामी साउंड मशीन' असे छापले गेले. १९८९ साली उरले फक्त 'ग्लोरिया एस्तेफान'! याच काळात काही जुने सहकारी वाद्यवृंद सोडून गेले. नाव एकीचे झाले. पण त्यामागे अनेकांची मेहनत होती, हे विसरू नका.

मार्च १९९० मध्ये बर्फाळ रस्त्यावर एका ट्रकने तिच्या बसला धडक दिली. ग्लोरियाच्या पाठीचा मणका मोडला. शस्त्रक्रिया झाली. अनेक महिने तिने वेदना सोसत व्यायाम केला. जानेवारी १९९१ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली.

आता तिला इंग्रजीतच गाता आले असते. पण १९९३ साली तिने 'मी तिएरा' ही स्पॅनिश गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. येथे 'मी' म्हणजे 'माझी' आणि 'तिएरा' म्हणजे 'भूमी'. या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मुलांनो, नवी भाषा आपल्याला नवे श्रोते देते. त्यासाठी मातृभाषा सोडावी लागत नाही.

शब्दार्थ
ध्वनिमुद्रिका – गाण्यांची तबकडी
दुर्धर – बरा होण्यास फार कठीण
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
वाद्यवृंद – एकत्र वाजवणाऱ्या व गाणाऱ्या कलावंतांचा समूह

स्वाध्याय
१. वाद्यवृंदाचे पहिले नाव का बदलले?
२. १९८५ ते १९८९ या काळात ध्वनिमुद्रिकांवरील नाव कसे बदलत गेले?
३. 'नाव एकीचे झाले. पण त्यामागे अनेकांची मेहनत होती.' हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, मन भरून येणे.