लोणारच्या विवरांतील वाट

डोंगरावर जावयाचें असलें म्हणजे श्रम आधीं व विश्रांति मागाहून, असा क्रम असतो. लोणारच्या विवरांत तो उलट आहे. येथें उतरण आधीं येते, आणि चढण थकलेल्या पायांसाठीं राखून ठेविलेली असते. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. पण ती खरी समजली एका सहलीच्या दिवशीं.

लोणार आपल्या वाशीम जिल्ह्याच्या शेजारीं, रिसोडच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यांत आहे. काळ्या खडकांतील हें विवर सुमारें १,८०० मीटर रुंद व सुमारें १४० मीटर खोल असून तळाशीं खारें पाणी आहे. तें ज्वालामुखीमुळें झालें असावें, असें पूर्वीं पुष्कळांस वाटे. परंतु १९७३ सालीं तेथील खडकांत मास्केलिनाइट नांवाची काच सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. ही काच प्रचंड आघाताच्या दाबानें बनते. त्यामुळें आकाशांतून कोसळलेल्या अशनीनें हें विवर झालें, हें मत दृढ झालें. त्याच्या वयाविषयीं मात्र मतभेद आहे: एका मोजणीनें सुमारें ५२,००० वर्षें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसरीनें सुमारें ५,७०,००० वर्षें.

उतरतांना कांठावरील खडकाचे थर पाहावे. वऱ्हाडांत ते बहुधा आडवे पसरलेले असतात. येथें ते बाहेरच्या बाजूस कललेले आहेत, जणुं कोणीं खालून उचलले.

तळ्याशीं पोहोंचल्यावर विद्यार्थ्यांनीं तांबडा लिटमस कागद पाण्यांत बुडविला. तो निळा झाला. विवरांत झरे येतात, पण बाहेर ओढा एकही जात नाहीं. पाण्याची वाफ होते व क्षार मागें राहतात. म्हणून तें पिण्याजोगें नाहीं. २०२० च्या जून महिन्यांत हेंच पाणी गुलाबी झालें होतें. खारांत वाढणारे सूक्ष्म जीव हें त्याचें कारण, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें.

इतकें सांगून होतें न होतें तोंच एकानें विचारलें, "सर, प्यावयास पाणी आहे काय?" बाटल्या पाहिल्या, तों बहुतेक रिकाम्या! उतरण सोपी वाटल्यामुळें मुलांनीं वाटेंतच पाणी संपविलें होतें. समोर एवढें मोठें तळें, आणि पिण्यास घोटभर पाणी नाहीं. दुपारच्या उन्हांत चढतांना आठवीच्या एका मुलास चक्कर आली. त्यास सावलींत निजविलें, उरलेलें पाणी घोटघोट पाजिलें, आणि दोघां मोठ्या विद्यार्थ्यांनीं आधार देऊन वर आणिलें. धारेच्या गोड्या पाण्याशीं पोहोंचेपर्यंत आमच्या जिवांत जीव नव्हता. चूक मुलांची नव्हती. निघतांना बाटल्या तपासणें हें आमचें काम होतें.

तेव्हांपासून आम्ही चार नियम पाळतों. पहांटेस निघावें. अर्धें पाणी चढणीसाठीं राखावें. सर्वांत हळू चालणारास पुढें ठेवावें, म्हणजे कोणी मागें राहत नाहीं. आणि हें अभयारण्य असल्यामुळें तेथील दगड किंवा पान उचलूं नये. खडकाचा पुरावा पुढील विद्यार्थ्यांसही पाहावयाचा आहे.

पालकांनीं भीतीनें मुलांस घरीं ठेवूं नये. टोपी व दोन भरलेल्या बाटल्या देऊन पाठवावें. पुढील वर्षीं बाटल्या मोजण्याचें काम आम्ही त्याच मुलाकडे दिलें. त्यानें एकही चुकविली नाहीं.