रक्तातील साखर

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. परंतु उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती चहाच्या एका चमच्याएवढी. ही साखर म्हणजे ग्लुकोज. भाताभाकरीचे पचन होऊन ती तयार होते, आतड्यांतून रक्तात शिरते आणि प्रथम यकृतात जाते. यकृत हे तिचे कोठार होय. जास्तीची साखर ते साठवून ठेवते व उपवासाच्या वेळी थोडीथोडी परत रक्तात सोडते. मग हृदय ते रक्त अंगभर खेळवते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे रक्त सुमारे एका मिनिटात शरीराची फेरी पुरी करते. कुत्र्यातही हीच व्यवस्था आहे. पक्ष्यांच्या रक्तात साखर माणसापेक्षा पुष्कळच अधिक असते, आणि तरीही त्यांना सहसा मधुमेह जडत नाही, हे नवल!

परंतु साखर रक्तात आली म्हणजे ती स्नायूंना मिळालीच, असे नव्हे. दाराशी धान्याची गाडी उभी असावी आणि घराला कुलूप असावे, तशी स्थिती होऊ शकते. ते कुलूप उघडणारा रस जठरामागील स्वादुपिंडात तयार होतो. १८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याच्या मूत्रातून साखर जाऊ लागली. मधुमेहाचे मूळ तेथे सापडले. उपाय मात्र सापडेना. रोगी मुलांना अर्धपोटी ठेवावे, एवढेच वैद्यांच्या हाती होते.

१९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून मधुमेही कुत्र्यांना टोचला. त्यांच्या रक्तातील साखर उतरली. या प्रयोगांत कित्येक मुक्या जीवांचे प्राण गेले, हेही सांगितले पाहिजे.

तेथीलच रुग्णालयात लेनर्ड टॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मरणाच्या दारी होता. त्याचे वजन अवघे ३० किलोच्या आसपास उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला तो अर्क टोचण्यात आला. गुण तर आला नाहीच, उलट टोचल्या जागी गळू झाले. अर्क अशुद्ध होता. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हा टोचणी सुरू झाली. एका दिवसात रक्तातील साखर झपाट्याने खाली आली. मुलगा पुन्हा जेवू लागला, हिंडूफिरू लागला. त्या रसाला इन्शुलिन हे नाव मिळाले. रोज ते टोचून घेत लेनर्ड पुढे १९३५ पर्यंत जगला.