झुडपी जंगलातला ताप : काळ्या खपलीची ओळख

ज्या रोगाचे नाव घरात कुणालाच ठाऊक नसते, त्या रोगाने माणूस दगावला तर ‘तापाने गेला’ एवढीच आठवण मागे उरते. नागपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांची उत्तर सीमा मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी व बालाघाट या जिल्ह्यांना भिडते. या पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या अशाच एका तापाची, म्हणजे स्क्रब टायफसची, ओळख पालकांना व माजी विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून आम्ही हे टिपण लिहीत आहोत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात या रोगाचा उद्रेक होऊन अनेक रुग्ण दगावले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून गावोगाव पोचले आणि पुढे विस्मरणात गेले. रोग मात्र गेला नाही.

स्क्रब म्हणजे झुडूप. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ असा जमिनीचा स्वतंत्र प्रकारच नोंदलेला असतो. तेव्हा या नावाने आपण बिचकण्याचे कारण नाही. गवतात व धुऱ्यावरच्या झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म जिवाच्या अळ्या, ज्यांना चिगर म्हणतात, त्या चावल्याने ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ हे जिवाणू शरीरात शिरतात. अळी एक मिलिमीटरहूनही बरीच लहान असल्याने सहसा दिसत नाही, आणि चावा दुखतही नाही. ती एरवी उंदीर-घुशींच्या अंगावर पोसते. माणूस तिच्या वाटेत येतो तो गवत कापताना, सरपण वेचताना, गुरे राखताना किंवा उघड्यावर शौचाला बसताना. माइटच्या मादीकडून हे जिवाणू तिच्या अंड्यांत उतरतात, म्हणून एखाद्या धुऱ्यावर त्यांनी ठाण मांडले की ते तेथे वर्षानुवर्षे टिकू शकतात. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही. रुग्णाचे ताट वेगळे मांडण्याची गरज नाही. वेगळ्या ताटाचा अनुभव आपल्या समाजाने अन्य कारणांनी पुरेसा घेतलेला आहे.

ओळखीची खूण एक खपली आहे. चावल्या जागी प्रथम बारीक पुळी येते, मग तिच्या मध्यावर काळी खपली धरते व भोवती लालसर कडे उमटते. विडीचा चटका बसावा तसा हा डाग दिसतो. तो दुखत नाही व बहुधा खाजतही नाही, म्हणून रुग्ण त्याविषयी आपण होऊन काही सांगत नाही. शिवाय तो असतो काखेत, जांघेत, नाडीच्या पट्ट्याखाली, स्तनांखाली, कानामागे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे भाग कोण तपासणार? बायामाणसांच्या बाबतीत परिचारिकेने वा आशाताईंनी आडोशाला नेऊन पाहिले, तरच तो सापडतो. सर्वच रुग्णांत ही खपली नसते. ती नाही म्हणून रोग नाही, असे मात्र समजू नये. अंगात कणकण, तीव्र डोकेदुखी, स्नायूंचे दुखणे आणि काख-जांघेतील गाठी, एवढ्यावरूनही संशय घेता येतो.

हा रोग चुकतो तो बहुधा नावामुळे. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, विडाल चाचणी किंचित सकारात्मक, म्हणून ‘टायफॉइड’ ठरते. टायफस आणि टायफॉइड ही नावे सख्ख्या भावांसारखी असली तरी रोग निराळे आहेत. टायफॉइडसाठी सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रायक्झोनसारखी इंजेक्शने येथे उपयोगी पडत नाहीत, कारण हे जिवाणू पेशींच्या आत दडून वाढतात. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने, ती वेळेवर मिळाली तर, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. गरोदर स्त्रियांना डॉक्टर अॅझिथ्रोमायसिन देतात. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत व मेंदू यांवर परिणाम होतो. धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बडबड ही लक्षणे दिसताच मोठे रुग्णालय गाठावे. यावर लस नाही.

सीमेवरच्या गावांची अडचण आणखी वेगळी आहे. रुग्ण एका राज्यातला, उपचार दुसऱ्या राज्यात आणि कागदपत्रे पिशवीत. म्हणून कुठल्याही दवाखान्यात ‘शेतात, रानात होतो’ हे स्वतःहून सांगावे, आणि ‘स्क्रब टायफसची तपासणी करायची का?’ असे निःसंकोच विचारावे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे.

वसतिगृहासाठी ही बाब अधिक महत्त्वाची आहे. चावा आणि ताप यांत ६ ते २१ दिवसांचे, बहुधा १० ते १२ दिवसांचे अंतर असते. दिवाळीच्या सुट्टीत धान कापणीला हातभार लावून परतलेले मूल वसतिगृहात येऊन आजारी पडते आणि ताप ‘इथला’ समजला जातो. मोठी मुले लाजेने जांघ दाखवत नाहीत; त्यांना एकांतात, ओळखीच्या मोठ्या व्यक्तीने विचारावे. सुट्टीनंतरच्या तीन आठवड्यांत आजाराच्या वहीत दोन रकाने अधिक असावेत, असे आम्ही सुचवतो : मुलाचे गाव कोणते, आणि सुट्टीत तो शेतात किंवा रानात गेला होता काय.