साहाय्यापूर्वीची मोजणी : नागावची वाडी आणि जागतिक आपत्ती-निवारण

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षी मागे पडली की नागावच्या वाड्या लागतात. रस्ता आणि समुद्र यांच्यामधील रेताड पट्ट्यात नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या सावलीत केळ आणि एखाद्या खोडावर चढविलेला मिरीचा वेल, अशी ही मजल्यामजल्यांची शेती आहे. क्षेत्र लहान, बहुधा गुंठ्यांत मोजावे असे. परंतु घरखर्चाचा भार वर्षानुवर्षे त्यावरच राहिलेला आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून गेले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वेधशाळेची सूचना वेळेवर आली होती, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आधीच किनाऱ्यावर पोहोचली होती आणि कोरोनाच्या साथीचे दिवस असूनही हजारो लोकांना शाळांमध्ये व इतर पक्क्या इमारतींमध्ये हलविण्यात आले होते. त्यामुळे प्राणहानी मर्यादित राहिली. वाड्या मात्र हलविता येत नाहीत. नागाव, चौल, रेवदंड्यापासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंत असंख्य झाडे मोडून वा उन्मळून पडली.

वादळ ओसरल्यावर लोकांना काय हवे होते? धान्य आणि ताडपत्र्या हव्याच होत्या. परंतु घराच्या दारापासून विहिरीपर्यंत आडव्या पडलेल्या खोडांतून वाट काढण्यासाठी करवती आणि त्या चालविणारी माणसे हवी होती. वीज नसल्याने पंप बंद होते, म्हणून पाणी उपसण्यासाठी जनित्र हवे होते. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चांगल्या जातीची रोपे हवी होती. आपत्तीत सापडलेल्या माणसाची गरज दुरून पाहणाऱ्याला वाटते तीच असते असे नाही, हा आपत्ती-निवारण शास्त्राचा पहिला धडा होय. देशोदेशी मदतकार्यासाठी जाणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या कामाचा आरंभही येथूनच होतो.

या तज्ज्ञाविषयी सर्वसामान्य कल्पना वेगळी असते. मालवाहू विमान, त्यातून उतरणारे श्वान आणि ढिगाऱ्यातून बाहेर काढलेले बालक एवढेच चित्र वृत्तपत्रांतून समोर येते. ते खोटे नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरियात झालेल्या भूकंपानंतर भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या मोहिमेखाली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे दीडशेहून अधिक जवान तुर्कस्तानात पाठविले. त्यांनी गाझियान्तेप प्रांतात सहा वर्षांच्या एका मुलीला ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढण्यात साहाय्य केले. लष्कराच्या वैद्यकीय पथकाने इस्केन्देरुन येथे रुग्णालय उभारले. याच दलाची परदेशातील पहिली कामगिरी २०११ मधील होती. जपानमधील भूकंप व सुनामीनंतर ४६ जणांची तुकडी मियागी प्रांतातील ओनागावा येथे गेली होती. २०१५ च्या नेपाळ भूकंपात दलाने ११ जणांना जिवंत बाहेर काढले. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली स्थापन झालेल्या या दलाची पाचवी वाहिनी पुणे जिल्ह्यात तळेगावनजीक सुदुंबरे येथे आहे. कोकणात वादळ वा दरड कोसळण्याची घटना घडली की पथके बहुधा तेथूनच निघतात.

मात्र या चित्रात न दिसणारे काम अधिक आहे, आणि ते प्रामुख्याने नियमांचे व हिशेबाचे आहे.

बोलावल्याशिवाय जाऊ नये

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात मोठा भूकंप झाला. अनेक देशांची पथके तेथे धावली. सद्भावना उदंड होती; पण कोणी कोठे शोध घ्यावयाचा, कोणाची उपकरणे कोणाच्या उपयोगाची, एकदा तपासलेली इमारत पुन्हा तपासावयाची की नाही, याचा मेळ बसेना. या अनुभवातून १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय शोध व बचाव सल्लागार गट, म्हणजे ‘इन्साराग’, स्थापन झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक ४६/१८२ संमत केला. आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या आवाहनावरूनच बाहेरचे साहाय्य द्यावे, तसेच मदतकार्याचे नेतृत्व त्या देशाकडेच राहावे, असे हा ठराव सांगतो.

इन्सारागच्या नियमांनुसार पथकांची प्रतवारी केली जाते. जड प्रतीच्या पथकाला एकाच वेळी दोन ठिकाणी, दिवसरात्र, दहा दिवस काम करता आले पाहिजे. मध्यम प्रतीच्या पथकाने एका ठिकाणी सात दिवस काम करावे अशी अपेक्षा असते. पथकात व्यवस्थापन, शोध, बचाव, वैद्यकीय सेवा आणि पुरवठा ही पाचही अंगे असावी लागतात. त्याहून महत्त्वाची अट स्वयंपूर्णतेची आहे. अन्न, पाणी, तंबू, इंधन यांपैकी कशासाठीही आपद्ग्रस्त देशावर भार टाकावयाचा नाही. ज्या गावात पाण्याचा तुटवडा आहे तेथे मदतीला गेलेल्यांनीच पाणी मागावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

पथक विमानतळावर उतरताच आपली नोंद करते आणि समन्वय केंद्राकडून कामाचे क्षेत्र घेते. तपासलेल्या इमारतीवर ठरावीक खुणा रंगविल्या जातात. कोणत्या पथकाने, कोणत्या दिवशी तपासणी केली, किती जिवंत काढले, किती मृत, काही धोका आहे काय, हे मागून येणाऱ्या पथकाला भाषा न कळताही त्या खुणांवरून समजते. हे समन्वयाचे काम करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ‘अंडॅक’ ही तज्ज्ञांची राखीव तुकडी उभी केली. निरनिराळ्या देशांच्या सेवेतील प्रशिक्षित अधिकारी तिच्यात असतात. बोलावणे येताच ते थोड्या तासांत निघतात आणि नुकसानीचा पहिला अंदाज तयार करतात. या अधिकाऱ्याच्या हाती फावडे नसते. वही आणि नकाशा असतो.

भारताच्या धोरणाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २००४ च्या सुनामीपासून नैसर्गिक आपत्तीनंतरच्या मदतकार्यासाठी परकीय सरकारांकडे आवाहन करावयाचे नाही, ही भूमिका देशाने सामान्यतः ठेवली आहे. त्याच सुनामीत स्वतः आपद्ग्रस्त असताना भारतीय नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे साहाय्य घेऊन गेली होती.

न मागितलेल्या वस्तूंचे काय होते हे तामिळनाडूच्या किनाऱ्याने त्याच वेळी पाहिले. नागपट्टिणमच्या बाजूस देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. मच्छीमार कुटुंबांना ते नको होते. त्यांना होड्या आणि जाळी हवी होती. देणाऱ्यांची भावना चांगली होती, परंतु ढीग उचलण्याचे काम मात्र आधीच थकलेल्या स्थानिक यंत्रणेवर पडले.

किल्लारीची शाळा

महाराष्ट्राला या विषयाचे शिक्षण किल्लारीत मिळाले, आणि त्याची किंमत फार मोठी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याहून अधिक व्याप, आणि खरे तर अधिक शिकविणारा भाग, जागच्या जागी घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा होता. तेथे शासन पैसा व तांत्रिक सल्ला देई आणि बांधकाम घरमालक स्वतः करून घेई. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमण्यात आले. कोणाचा हप्ता अडला आहे, भिंतीत कोपऱ्याचा दगड नीट बसला आहे की नाही, याची विचारपूस त्या घरोघर करीत. गुजरातेत २००१ मध्ये भूकंप झाला तेव्हा यांतील काही स्त्रिया तेथील गावांना आपला अनुभव सांगावयास गेल्या. पदवी नाही, पदनाम नाही. तरीही त्यांना तज्ज्ञ म्हणण्यास हरकत नसावी.

नव्या जागी वसलेल्या गावांविषयी मात्र टीकाही झाली, आणि ती अनाठायी नव्हती. सरळ रेषेतील रुंद रस्ते नकाशावर शोभले. परंतु शेत लांब गेले, गल्लीतील शेजार तुटला, गुरांना जागा उरली नाही.

किल्लारीत काम केलेले अधिकारी पुढे जगाच्या व्यासपीठावर गेले. त्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी असलेले प्रवीण परदेशी यांनी नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कार्यालयात जिनिव्हा येथे काम केले. राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाचे सचिव राहिलेले कृष्ण वत्स संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमात पुनर्वसनविषयक सल्लागार होते आणि २०२० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य झाले. न्यूयॉर्क वा जिनिव्हाच्या कार्यालयात बसून दिला जाणारा सल्ला पंचनाम्याच्या अनुभवावर उभा असेल तरच उपयोगी पडतो, हे या दोन नावांवरून ध्यानात यावे.

हेक्टर की झाड?

पंचनाम्यापाशी आले की पुन्हा नागावला यावे लागते. निसर्ग वादळानंतर शासनाने फळबागांच्या नुकसानभरपाईचा दर हेक्टरी १८ हजार रुपयांवरून ५० हजार रुपये केला. वाढ मोठी होती. परंतु १०० गुंठ्यांचा एक हेक्टर होतो. म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीस या दराने ५ हजार रुपये मिळतात. एवढ्या रकमेत पडलेली खोडे कापून बाहेर काढण्याची मजुरी तरी भागेल काय, हा वाडीवाल्यांचा प्रश्न होता. हेक्टर हे माप भाताच्या खाचरासाठी योग्य आहे. एकाच जमिनीवर तीन मजल्यांची पिके घेणाऱ्या वाडीला ते तोकडे पडते.

म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी झाली आणि शासनाने पुढे नारळाच्या प्रत्येक झाडास २५० रुपये व सुपारीच्या झाडास ५० रुपये असा दर जाहीर केला. शिफारस केलेल्या अंतराने लावल्यास दहा गुंठ्यांत सुपारीची सुमारे १३५ झाडे बसतात. ती सर्व पडली असे धरले तर ६ हजार ७५० रुपये होतात. त्याच जागेत नारळाची दहा झाडे असतील तर त्यात अडीच हजारांची भर पडते. कोकणातील जुन्या वाड्यांत लागवड याहून दाट असते. आकडे अद्याप लहानच आहेत. पण मोजण्याचे एकक बदलताच वाडीचे खरे रूप कागदावर उमटू लागते, हे येथे महत्त्वाचे. बाणवली नारळ किंवा सुपारी नव्याने लावल्यास उत्पन्न सुरू होण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. भाताचे नुकसान एका हंगामाचे असते, वाडीचे सात-आठ वर्षांचे. रोपांची गरज ओळखण्यात उशीर झाला तर त्यात आणखी एक वर्ष मिळविले पाहिजे.

दुसरी अडचण सातबाऱ्याची आहे. वाड्यांच्या उताऱ्यावर अनेकदा आजोबा-पणजोबांच्या वारसांची सामाईक नावे असतात. कोणी मुंबईस, कोणी ठाण्यास, कोणी हयात नाही. कसणारा एक आणि नावे बारा. भरपाईच्या वेळी संमतिपत्रे गोळा करण्यात कसणाऱ्याचे दिवस जातात. हे काम वादळानंतर आरंभिण्यासारखे नाही. वारस-नोंदी अद्ययावत करण्याची मोहीम उन्हाळ्यात हाती घेणाऱ्या ग्रामपंचायतीने निम्मे मदतकार्य आधीच केले असे म्हणता येईल. झाडांच्या नोंदीही पीकपाहणीच्या वेळीच घेता येतात. वाडीत किती नारळ, किती सुपारी उभी आहे हे पडण्यापूर्वी लिहिलेले असले, तर पडल्यानंतर तलाठी आणि शेतकरी यांच्यात वाद राहत नाही.

माणसांची मोजणी तर याहून तातडीची. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. रस्ते पाण्याखाली असल्याने बाहेरची पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. तोपर्यंत ग्रामस्थच हातांनी दगडमाती उपसत होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे वाहनाचा रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, जवान पायी चढून गेले. अशा वेळी बचाव पथकाच्या प्रमुखाचा पहिला प्रश्न एकच असतो, मग तो प्रमुख देशातील असो वा परदेशातील : या घरात रात्री कितीजण होते? कोण आश्रमशाळेत होते, कोण कामासाठी बाहेरगावी, कोणाकडे पाहुणे आले होते? याचे उत्तर उपग्रहाच्या छायाचित्रातून मिळत नाही. ते शेजारी, शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे असते. शाळेचा हजेरीपट हा अशा वेळी शोधकार्याचा दस्तऐवज ठरतो. म्हणून त्याची एक प्रत गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणीही असावी.

बाहेरच्या जगाकडून घेण्यासारखेही पुष्कळ आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरात वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे काम हाती घेण्यात आले. निसर्गाच्या वेळी विजेचे खांब पडून जिल्ह्यातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली, पाण्याचे पंप थांबले, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले. त्यामुळे कोणत्या गावात काय हवे हेही वेळेवर कळेनासे झाले. वाडीच्या गावांत झाड आणि तार एकमेकांत गुंतलेली असतात. तेथे ही योजना किती पुढे नेता येईल, तिचा खर्च कोणी सोसावा आणि विहिरीच्या पंपासाठी पर्यायी वीज कोठून आणावी, हे प्रश्न नागाव, आक्षी, चौल यांसारख्या ग्रामपंचायतींनी आपल्या विकास आराखड्यात मांडण्यासारखे आहेत. वीज वितरण कंपनीकडे जाताना त्यांच्याजवळ किती पंप, किती विहिरी आणि किती घरे या आकड्यांची यादी असावी.